ही वस्तू कशाची? जुनी अनोळखी हत्यारं आणि उपकरणं ओळखण्याची रीत

जुन्या पेटीच्या तळाशी, माळ्यावर किंवा भंगाराच्या ढिगात एखादी वस्तू हाती लागते. वजनदार, नीट विचार करून घडवलेली, वापरून गुळगुळीत झालेली. पण कशाची, ते काही केल्या कळत नाही. मग ती हातोहात फिरते आणि जो तो आपापला अंदाज ठोकून देतो. कुणाला त्यात पक्कड दिसते, कुणाला कुलपाचा भाग, कुणाला डॉक्टरी हत्यार. दिसण्यावरून सुरुवात केली की बहुतेक वेळा चुकीच्याच दिशेला जायला होतं, कारण पक्कडीसारख्या दिसणाऱ्या वस्तू शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्या कामांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

माझ्या मते सुरुवात दुसरीकडून करावी. हत्यार ही अर्धीच वस्तू असते. उरलेली अर्धी म्हणजे ते ज्यावर चालायचं तो माल: कातडं, तार, लाकूड, कापड, काच, मेण. तो आज समोर नाही, पण हत्याराचा आकार त्यानेच ठरवलेला आहे. म्हणून पहिल्यापासून एकच प्रश्न धरून बसायचं: हे कशाला भिडायचं, आणि भिडल्यावर त्या मालाचं काय व्हायचं? नाव नंतर सापडतं. कधी सापडतच नाही, तरी काम कळलेलं असतं.

आधी हात आवरा

अनोळखी वस्तू म्हणजे तिचा धोकाही अनोळखी. जड, निमुळतं, मागे पंख्यासारखे पत्रे असलेलं किंवा टोकाला आटे असलेलं काही मातीत सापडलं, तर ते उचलू नका, धुऊ नका, गाडीत घालून कुणाला दाखवायलाही नेऊ नका. दारूगोळा जुना झाला म्हणून निकामी होत नाही. जागा लक्षात ठेवायची, दूर जायचं आणि पोलिसांना कळवायचं.

घरातल्या वस्तूंतही काही छुपे रुस्तम असतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या ६०-६५ वर्षांत घड्याळांच्या, होकायंत्रांच्या आणि विमानातल्या मापकांच्या तबकड्यांवर किरणोत्सारी रेडियमचा रंग लावत. आज ती तबकडी अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं, असं नाही. रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड तेवढं निकामी होतं. रेडियमचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १,६०० वर्षांचा असतो. असं उपकरण उघडू नये, तबकडी खरवडू नये. भिंतीवरच्या कडीत बसणारा, आत पाण्यासारखं द्रव असलेला काचेचा गोळा सापडला तर तो आग विझवण्यासाठी फेकून फोडायचा गोळा असण्याची दाट शक्यता असते. सुरुवातीच्या गोळ्यांत मिठाचं पाणी असे, पुढच्यांत कार्बन टेट्राक्लोराइड. त्याची वाफ विषारी, आणि तापलं की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो. फुटणार नाही अशा बेताने ठेवा आणि घातक रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्यांना विचारा.

स्प्रिंगची कळ असलेल्या वस्तूंबद्दल एक खास सूचना. मुठीत मावणारी पितळी डबी, वर एक दांडी, बाजूला बटण आणि तळाला समांतर बारीक फटी, अशी वस्तू मिळाली तर फटींवर बोट ठेवून बटण दाबून पाहू नका. रक्त काढण्याचं ते जुनं उपकरण. दांडी ओढली की आतली स्प्रिंग ताणली जाते, बटण दाबलं की सगळी पाती एका झटक्यात फटींतून फिरून जातात. शेवटच्या माणसाने ते ताणूनच ठेवलं असेल तर?

दुसरी आवरण्याची गोष्ट म्हणजे साफसफाई. घासण्या-पुसण्याचा मोह सुटत नाही, आणि पुरावा नेमका त्यातच जातो. फटीत साचलेलं मेण, जबड्यात चिकटलेलं शिसं, दात्यांत अडकलेला कातड्याचा भुगा, मुठीवरचा घामाचा काळा थर हे सगळे साक्षीदार आहेत. मऊ ब्रशने धूळ झाडा, तेवढं पुरे. सॅंडपेपर आणि तारेचा ब्रश लांब ठेवा. काम कळल्यावर मग खुशाल चकचकीत करा.

वस्तू पुरी आहे का?

बरीच कोडी न सुटण्याचं कारण साधं असतं: समोरची वस्तू म्हणजे मोठ्या यंत्राचा सुटा भाग असतो, आणि आपण तिला स्वतंत्र हत्यार समजून बसतो. म्हणून भिंग घ्या आणि कडा पाहा. कुठे तुटल्याची खरबरीत कड आहे का? रिकामी स्क्रूची भोकं? रंग लावलेल्या वस्तूवर मध्येच एक बिनरंगाचा, नेमक्या आकाराचा पट्टा? तिथे दुसरा भाग बसत होता. टोकाला चौकोनी भोक किंवा चौकोनी दांडा असेल तर तिथे हॅंडल किंवा चावी लागत असणार. एका बाजूला आटे असतील तर ती बाजू कशात तरी फिरवून बसवलेली होती.

धरायला सोयीची जागाच कुठे नाही, हाही मोठा पुरावा. हाताने वापरायच्या वस्तूला हाताची जागा असतेच. ती नसेल तर ती वस्तू भिंतीला, टेबलाला किंवा यंत्राला जोडलेली होती असं धरून पुढे चला.

मूठ काय सांगते

पुरी वस्तू असेल तर पहिली नजर कामाच्या टोकाकडे जाते. मी मुठीकडे आधी पाहावं असं सांगेन, कारण जोर कोणत्या दिशेने लागायचा हे मूठच सांगते, आणि दिशा कळली की निम्म्या शक्यता तिथेच गळून पडतात.

लाकडी मुठीच्या माथ्यावर लोखंडी कडं असेल तर त्यावर हातोडा किंवा मोगरी पडायची. कडं नसतं तर लाकूड चिरलं असतं. धातूच्या माथ्याची कड बाहेर पसरून छत्रीसारखी झाली असेल तरी तोच अर्थ. गोल, तळहातात बसणारी लाकडी गाठ म्हणजे ढकलण्याचं हत्यार. आडवी, टी-आकाराची मूठ म्हणजे पिळण्याचं: गिरमिट त्यातलंच. पण टी-मुठीला खाली गिरमिटाच्या पिळाऐवजी लांबट अर्धी नळी असेल तर ते भोक पाडायचं हत्यार नाही. मालात खुपसायचं, अर्धा वेढा द्यायचा आणि बाहेर ओढायचं; आतल्या मालाचा नमुना नळीत येतो. चीज, लोणी, धान्य तपासणाऱ्यांकडे अशा नळ्या असत. पात्याच्या दोन्ही टोकांना मुठी असून त्या धारेच्या बाजूला वळलेल्या असतील तर ते हत्यार आपल्याकडे ओढत लाकूड तासायचं.

दोन दांड्यांच्या मध्ये स्प्रिंग असेल, म्हणजे सोडल्यावर वस्तू आपोआप उघडत असेल, तर ते काम दिवसभरात पुन्हा पुन्हा करायचं होतं. एखाददुसऱ्या वेळेसाठी कुणी स्प्रिंगचा खर्च करत नाही. दांडे लांब आणि जबडा आखूड असेल तर माल कठीण होता. दांडे नाजूक असतील तर ताकदीपेक्षा नेमकेपणा हवा होता.

एकदा वस्तू हातात धरून डोळे मिटा. वजन कुठे जातं? मुठीवरची झीज तुमच्या अंगठ्याखाली येते की भलतीकडे? झीज एका बाजूला असेल आणि उजव्या हातात ती कुठेच जुळत नसेल, तर डाव्या हातात घेऊन पाहा, उलटी धरून पाहा. हात आणि झीज जुळेपर्यंत फिरवत राहायचं. जुळली की पकड सापडली.

कामाचं टोक

आता टोकाकडे या. धार आहे का, असल्यास एकाच बाजूने पाजलेली की दोन्ही बाजूंनी? एकाच बाजूचा उतार म्हणजे सपाट बाजू मालाला टेकवून सोलणं, तासणं, कडेला लागून कापणं. दोन्ही बाजूंचा उतार म्हणजे सरळ आत शिरणं, दुभागणं. धार बोथट असेल तर लगेच "बिघडलंय" म्हणू नका. लाकूड रेषेत फाडण्यासाठी एक जाड, लांब पातं असतं. त्याच्या एका टोकाच्या कड्यात लाकडी दांडा पात्याशी काटकोनात, उभा बसवतात. त्याची धार मुद्दामच बोथट ठेवलेली असते, कारण त्याला कापायचं नाही, पाचरीसारखं घुसून तंतू वेगळे करायचे आहेत. मग खरी झीज कुठे? पात्याच्या पाठीवर. तिथे मोगरी पडून पडून धातू चेपलेला असतो. धारेकडेच पाहत बसणाऱ्याला ही वस्तू म्हणजे वाया गेलेला सुरा वाटते.

जबडा असेल तर तो मिटल्यावर काय उरतं ते पाहा. पूर्ण मिटतो का? की मध्ये गोल, चौकोनी, त्रिकोणी पोकळी राहते? ही पोकळी म्हणजे त्या हरवलेल्या अर्ध्याचा साचाच. इथे मुलांच्या खेळण्यातली प्लॅस्टिकची माती फार कामाची. गोळा जबड्यात ठेवा, हलकेच दाबा, उघडा. मातीवर उमटेल ते या हत्याराचं काम. दोन ठोकळ्यांचा जबडा असलेल्या एका पक्कडीतून मातीची बारीक मान असलेली गोळी बाहेर येते. वरच्या बाजूला आडवी सरकणारी पट्टी त्या मानेच्या बरोबर मुळाशी येते. ही बंदुकीची शिशाची गोळी ओतायचा साचा; मान म्हणजे शिसं ओतण्याची वाट, आणि पट्टी ती मान छाटायला. आत राखाडी, मऊ कण दिसले तर शंका उरत नाही. (आणि हात साबणाने धुवा, शिसं आहे ते.) छाप घेण्यापूर्वी जबड्यातला मूळ कचरा काढून कागदात जपून ठेवायचा, नाहीतर तो मातीबरोबर निघून जाईल.

काही जबडे दांडे दाबल्यावर मिटण्याऐवजी उघडतात. अशी उलटी चाल दिसली की समजायचं, काम पकडण्याचं नसून फाकवण्याचं आहे. मग टोकं पाहा. टोकांना पुढे आलेले बारीक खिळे असतील तर यंत्रातली कडी खोबणीतून काढायची पक्कड. टोकं लांब, निमुळती, गुळगुळीत, लाकडाची किंवा हाडाची असतील तर? गुळगुळीतपणा म्हणजे माल नाजूक, चटकन ओरखडणारा. निमुळतेपणा म्हणजे आत शिरायची जागा अरुंद. लांबी साधारण बोटाएवढी किंवा थोडी जास्त. हे कातडी हातमोज्यांची बोटं सैल करायचं साधन, धुऊन आक्रसलेल्या मोज्यांसाठी. नाव ठाऊक नसतानाही तीन खुणांवरून हरवलेली अर्धी वस्तू उभी राहिली.

झिजेचं बारीक वाचन भिंगाखाली करायचं. लाकडाचा गुळगुळीत, भूछत्राच्या आकाराचा ठोकळा असेल आणि माथ्यावर एकमेकांना छेदणारे केसाएवढे ओरखडे असतील, तर ते सुईच्या टोकाचे. मोज्याचं भोक त्यावर ताणून रफू करत. ओरखडे नसतील तर तो ठोकळा दुसऱ्याच कशाचा असू शकतो. एकाच दिशेचे समांतर ओरखडे म्हणजे घसरण, गोल ओरखडे म्हणजे फिरणं, खड्डे म्हणजे ठोके, निळसर-तपकिरी रंग म्हणजे आच. काळवंडणं फक्त टोकाला असेल तर वस्तू तापवून वापरायची.

दांड्याला बसवलेलं चाक

ही रीत एका गोतावळ्यावर लावून पाहू. लाकडी दांडा, पुढे काटा, काट्यात फिरणारं चाक. एवढंच वर्णन डझनभर वस्तूंना लागू पडतं, आणि सगळ्यांना लोक सरसकट कणीक किंवा पिझ्झा कापायचं चाक म्हणून मोकळे होतात.

चाकाची कड बघा. कड नागमोडी, धार बेताची: पिठाच्या पोळीची कड कापून नक्षी काढायचं. कडेला सुईसारखे अणकुचीदार दाते: शिंप्याचं, कागदाखालच्या कापडावर नक्षा उतरवायचं. दाते आहेत पण बोथट, आणि चाकावर किंवा दांड्यावर एखादा लहानसा आकडा: कातड्यावर टाक्यांचं अंतर उमटवायचं, आकडा म्हणजे एका इंचात टाके किती. चाक अगदी चिमुकलं, पाच-सहा मिलिमीटरचं, आणि दांड्याच्या बाजूला दोन-तीन चौकोनी खाचा: काच कापायचं. खाचा वेगवेगळ्या जाडीच्या काचेची कड धरून मोडण्यासाठी असतात, आणि दांड्याच्या शेवटी गोळी असेल तर ती काचेला खालून ठोकायला. एकाच आसावर चांदणीसारखी जाड, कठीण चाकं ओळीने: सहाणेच्या फिरत्या दगडाचा गुळगुळीत झालेला पृष्ठभाग पुन्हा खरबरीत करायचं. इवलंसं चाक आणि त्याला जोडलेली काट्याची तबकडी: नकाशावरच्या वाकड्यातिकड्या रस्त्याची लांबी मोजायचं.

उरतात दोन चकवे. पहिलं पितळी चाक, कडेवर एक किंवा दोन बारीक उंच रेघा, आणि परिघात एका ठिकाणी मुद्दाम कापलेली खाच. दांडा इतका लांब की मागचं टोक खांद्याला टेकावं. पितळावर आचेचे डाग. पुस्तक बांधणारे हे तापवून कातडी बांधणीवर सोनेरी रेघ ओढत. खाच असते ती रेघ जिथे सुरू व्हायला हवी नेमकी तिथे सुरू व्हावी आणि जिथे थांबायला हवी तिथे थांबावी म्हणून. दुसरं लोखंडी चाक वीतभर व्यासाचं, कड सपाट, धार नाही, दाते नाहीत, काही नाही. फक्त परिघावर एका जागी छोटी खूण. जे चाक काहीच कापत नाही, टोचत नाही, उमटवत नाही, ते काय करतं? ते मोजतं. लाकडी चाकाच्या कडेवरून ते फिरवायचं, किती फेरे झाले ते मोजायचं, मग तेवढंच लोखंडी पट्टीवर फिरवायचं. लोहार पट्टीचं कडं चाकापेक्षा किंचित लहान करतो, तापवून फुगवतो, चढवतो, पाणी ओततो, आवळून बसतं. धार नसणं हीच इथे ओळखीची खूण.

आकडे आणि अक्षरं

आकडा दिसला की तो सालाचा किंवा किमतीचा मानायची घाई होते. आधी विचारा: हा आकडा वस्तूचा की मालाचा? पक्कडीसारख्या एका हत्याराच्या जबड्यात फिरवता येणारी छोटी चकती असते, तिच्या कडेला ४, ६, ८, १०, १२ असे आकडे, आणि समोर दाबल्यावर पुढे येणारा छोटा खुंटा. आकडे म्हणजे करवतीला एका इंचात दाते किती. दाते एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवायचे, म्हणजे करवत लाकडात अडकत नाही. बारीक दात्याला कमी उतार, मोठ्याला जास्त.

गोल पोलादी चकती, कडेला ओळीने खाचा, प्रत्येक खाचेच्या आतल्या टोकाला गोल भोक आणि शेजारी आकडा. हे तारेचं आणि पत्र्याचं माप. इथे भलेभले फसतात: तार भोकात घालून पाहतात. माप खाचेचं असतं. भोक फक्त तार सहज बाहेर निघावी म्हणून. आकडा वाढतो तशी तार बारीक होते. उलट, घंटेच्या आकाराच्या पत्र्यावर नुसती भोकंच असतील तर माप भोकाचं, आणि मोजायच्या त्या विणकामाच्या सुया.

जुनी फूटपट्टी मिळाली तर आजच्या पट्टीला लावून पाहा. ती फुटामागे इंचाचा आठवा भाग लांब भरली तर कारखान्याची चूक समजून टाकू नका. ओतीव लोखंड थंड होताना साधारण तेवढंच आक्रसतं, म्हणून साचे बनवणारे सुतार मुद्दाम "लांब" इंचाची पट्टी वापरत. पितळेसाठी आणि पोलादासाठी याहून जास्त.

अक्षरांत कारखान्याचा शिक्का आणि मालकाची खूण यांत गल्लत करू नका. कारखान्याचा शिक्का सरळ, नीट, सहसा एकाच जागी. कारागीर आपलं नाव स्वतः ठोकत, म्हणून ते तिरकं, कधी दोन-तीनदा. एकाच रंध्यावर तीन वेगळी नावं म्हणजे तीन मालक. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण ब्रिटिश सरकारी मालमत्तेची.

पेटंटचा क्रमांक मात्र सोन्यासारखा. अमेरिकेत सध्याची क्रमवारी १८३६ पासून सुरू झाली. क्रमांक १,००,००० हा १८७० मधला, दहा लाखावा १९११ मधला, वीस लाखावा १९३५, तीस लाखावा १९६१. क्रमांक टाकून शोधलं की मूळ आराखड्यासकट वस्तू कशी वापरायची ते शोधकाच्याच शब्दांत मिळतं. क्रमांक नसून नुसती तारीख असेल तरी हरकत नाही. अमेरिकी पेटंटं १९व्या शतकाच्या मध्यापासून मंगळवारी दिली जातात. समजा "मार्च १_, १८८९" असं दिसतंय आणि दुसरा आकडा झिजलाय. त्या महिन्यातले मंगळवार ५, १२, १९ आणि २६. म्हणजे १२ किंवा १९, दोनच दिवसांची पेटंटं चाळायची. एक लक्षात असू द्या, पेटंटची तारीख म्हणजे त्याआधी ही वस्तू बनलेली नाही, एवढंच. तोच शिक्का पुढे अनेक वर्षं चालू राही.

ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ पर्यंत नोंदणी झालेल्या आराखड्यांवर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असे, कोपऱ्यांत अक्षरं-आकडे, १८८४ पासून "आर.डी. नं." (नोंदणी क्रमांक) आणि सरळ क्रमांक आला. जर्मन वस्तूंवरचं "डी.आर.पी." (पेटंट) १८७७ नंतरचं, "डी.आर.जी.एम." (पेटंटपेक्षा लहान, आराखड्याची नोंदणी) १८९१ नंतरचं, दोन्ही दुसऱ्या महायुद्धाबरोबर संपले. "पश्चिम जर्मनी" असेल तर १९४९ ते १९९०. आयात वस्तूंवर देशाचं नाव हवंच, असा अमेरिकेचा नियम १८९१ मध्ये लागू झाला.

माल पाहून काळ ठरवणं

हे झटपट. लोहचुंबक लावा, चिकटला तर लोखंड-पोलाद. बॅकेलाइट १९०७ मध्ये आलं. जोराने चोळलं की कार्बोलिकचा वास येतो. सेल्युलॉइड १८७० च्या आसपासचं, त्याला कापराचा वास. त्यावर तापलेली सुई टोचून पाहण्याचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते भडकतं. ॲल्युमिनियम स्वस्त झालं ते १८८६ च्या विद्युत प्रक्रियेनंतर, स्टेनलेस स्टील १९१३ नंतर, चौफुली खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकापासून. बोथट टोकाचा, खाच जरा बाजूला गेलेला, लाकडात बसवायचा स्क्रू १९व्या शतकाच्या मध्याआधीचा असू शकतो. हाडावर भिंगाखाली बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या दिसतात, हस्तिदंतावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी. एक सावधगिरी: स्क्रू, मूठ, स्प्रिंग बदललेली असू शकते. काळ ठरवावा तो मुख्य अंगावरून.

लोखंड सहज गंजेल अशा कामासाठी पितळ, ओरखडा नको तिथे लाकूड-हाड, आणि जिथे ठिणगी नको तिथे तांब्याच्या मिश्रधातूची हत्यारं. पितळी हातोडा शोभेचा वाटतो, तो स्फोटकांच्या कोठारातला असू शकतो.

शोध घ्यायचा तो कसा

फोटो साध्या, एकरंगी पार्श्वभूमीवर. सहा बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. मिटलेली आणि उघडलेली अवस्था वेगळी. शिक्क्यांचा फोटो तिरप्या उजेडात काढला की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. तरी नाही दिसली तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. वजन लिहा.

फोटोवरून शोधणारी यंत्रणा दिसण्यावरच जाते, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली चूक ती अधिक वेगाने करते. तिचा उपयोग करावा, पण शोधशब्द कामाचे द्यावेत: "कातड्यावर समान अंतर उमटवणे", "नळीची कड बाहेर वळवणे". पेटंटं कामानुसार वर्गात लावलेली असतात, त्यामुळे एक जवळचं पेटंट सापडलं की त्याच वर्गातली शेजारची चाळायची. त्यात आपली वस्तू भेटण्याचा योग बराच. इंटरनेट आर्काइव्हवर हत्यार कंपन्यांचे जुने सचित्र कॅटलॉग मोफत आहेत. हत्यार आणि ते वापरणारा माणूस एकाच चित्रात पाहायचा असेल तर १७५१ ते १७७२ दरम्यान निघालेल्या फ्रेंच विश्वकोशाचे चित्रांचे ११ खंड उघडा; कारखान्यागणिक कारागीर कामात गढलेले आणि खाली सुटी हत्यारं. संग्रहालयांपैकी अमेरिकेतल्या डॉइल्सटाउनचं मर्सर संग्रहालय हस्तव्यवसायांच्या हत्यारांना वाहिलेलं आहे. हेन्री मर्सर यांनी १८९७ पासून ही हत्यारं जमवली आणि १९१६ मध्ये त्यांच्यासाठी काँक्रीटची आख्खी इमारत उभी केली. इंग्लंडमध्ये रेडिंगचं ग्रामीण जीवनाचं संग्रहालय शेतीच्या अवजारांसाठी बघावं.

कुणा जाणत्याला विचारताना आपला अंदाज आधी सांगू नका. ऐकणाऱ्याची नजर त्याच वाटेने जाते. वस्तू कुठे, कशाबरोबर सापडली ते मात्र जरूर सांगा. पेटीत शेजारी पडलेली मेणाची वडी किंवा जाड दोऱ्याचं रीळ कधीकधी सगळं कोडं सोडवतं.

उत्तर बरोबर आहे हे कशावरून?

उत्तर हाती आलं की वस्तूची प्रत्येक खाच, प्रत्येक भोक, प्रत्येक वळण त्याने समजतं का ते पाहा. दहापैकी आठ खुणा जुळल्या आणि एक स्प्रिंग, एक भोक उगाच उरलं, तर उत्तर अजून कच्चं. जुन्या काळी प्रत्येक भोक हाताने पाडावं लागे, विनाकारण कुणी पाडत नसे. जमलं तर त्या मालावर प्रत्यक्ष वापरून पाहा. बरोबर असेल तर हाताला ओढाताण होत नाही, झीज जिथे आहे तिथेच जोर लागतो.

या कसोटीवर भले भले सिद्धांत आपटतात. रोमन काळातले ब्रॉंझचे पोकळ बारा-पैलू गोळे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीच्या भागात शंभराहून अधिक सापडले आहेत. प्रत्येक पैलूवर भोक, भोकं लहानमोठी, वीसही कोपऱ्यांवर गोळ्या. १७३९ मध्ये त्यातला एक इंग्लंडमध्ये नोंदला गेला आणि तेव्हापासून तर्क थांबलेले नाहीत. हातमोज्यांची बोटं विणायचं साधन, हा आज सर्वात लाडका तर्क. पण अशा विणकामात विणलेल्या नळीची रुंदी ठरते ती दोरा अडकवायच्या खुंट्यांच्या, म्हणजे इथे कोपऱ्यांवरच्या गोळ्यांच्या, अंतरावरून. भोक लहान-मोठं केल्याने काही बदलत नाही. मग कारागिराने लहानमोठी भोकं पाडण्याचे कष्ट का घेतले? मोजमापाचं साधन म्हणावं तर दोन गोळे एका मापाचे नाहीत. जो तर्क भोकांचा हिशेब देत नाही, तो या वस्तूचा नाही.

तुमच्या वस्तूचंही असंच अडलं तर तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा. त्यावर मिळाल्याची जागा, तारीख, सोबतच्या वस्तू, लांबी, वजन, शिक्क्यांची नक्कल. खाली दोन रकाने: एकात "खात्रीचं", दुसऱ्यात "अंदाज". "एका हातात धरून आपल्याकडे ओढायचं, मऊ मालावर चालायचं, टोक तापवलेलं" हे पहिल्या रकान्यात. वस्तूचं नाव, जोवर प्रत्येक भोकाचा हिशेब लागत नाही तोवर, दुसऱ्यातच, आणि तेही पेन्सिलीने.